फ्रिजचं कार्ड ‘उडालं’ म्हणण्याआधी

फ्रिज गार होत नाही आणि मागून टकटक येते अशी तक्रार असली, की प्लग लावून आधी नुसतं कान देऊन उभं राहायचं. टकटक दोन जागांहून येते. एक खालून, कॉम्प्रेसरपाशी: आधी दबका ‘हूंऽऽ’, पाच-दहा सेकंदांनी एक जाड टक, मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही. ही ओव्हरलोडची टक. कॉम्प्रेसर उठू पाहतो, उठत नाही, ओव्हरलोड तापतो आणि वीज तोडतो. दुसरी टकटक बारीक आणि भराभर, सेकंद-दोन सेकंदांनी एक, आणि तिच्या तालावर दारावरचा डिस्प्ले लुकलुकतो. ही कार्डावरच्या, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पीसीबीवरच्या रिलेची; रिले हा कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. पहिल्या आवाजात कार्ड बहुतेक वेळा निर्दोष असतं, दुसऱ्यात कॉम्प्रेसर.

यात एक गोम आहे. काही कार्डं वीज आल्यावर कॉम्प्रेसरला तीन ते पाच मिनिटं मुद्दाम थांबवून ठेवतात. अशा कार्डात रिलेची टकही दर पाच मिनिटांनी एकदाच येते आणि ओव्हरलोडशी गल्लत होते. तेव्हा डिस्प्लेकडे बघायचं. टक होताना आकडे विझून परत आले, तर गडबड वरच्या कार्डात आहे.

इंदूरला रामबागेत काकूंकडे जो फ्रिज होता तो दुसऱ्या, भराभर टकटकीच्या जातीचा. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, २६० लिटरच्या आसपासचा, साध्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला. आठेक वर्षं चाललेला. मेकॅनिक येऊन ‘पीसीबी उड़ गया माताजी, ये मॉडल बंद हो गया’ एवढं सांगून गेला होता. मल्टीमीटर पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं. फ्रीजरमध्ये माळव्यातल्या घरांत असतो तसा हिवाळ्यात सोलून भरलेला मटार, त्यामुळे घाई होती. तो आधी शेजारच्या फ्रिजमध्ये हलवला, कारण एकदा सुटलेला मटार पुन्हा गोठवून चव राहत नाही.

आतला दिवा लागतो म्हणजे कार्ड जिवंत आहे, असं पुष्कळ जण धरून चालतात. जुन्या फ्रिजमध्ये पिवळा बल्ब दाराच्या स्विचमधून थेट २३० व्होल्टवर असतो. कार्ड काढून घेतलं तरी तो लागतो. एलईडी पट्टी असेल तर ती बहुधा कार्डाच्या १२ व्होल्टवर असते आणि तिच्या उजेडावरून १२ व्होल्टची तब्येत कळते. इथे पट्टीच होती आणि टकेसरशी ती मंद होत होती.

हात घालण्याआधी दोन धोके. पहिला गॅसचा. कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे: जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, पण पेट घेणारा, जवळजवळ बिनवासाचा आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला तर फ्रिजच्या बुडाशी साचतो. म्हणून कार्ड जागेवर ठेवून सोल्डरिंग करायचं नाही, सुटं करून दुसऱ्या खोलीत टेबलावर न्यायचं. दुसरा धोका ३२५ व्होल्टचा. घरातला २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांतून, गेला की मोठ्या कपॅसिटरवर त्याच्या १.४१४ पट डीसी बसतो. चालू कार्ड प्लग काढल्यावर थोड्या वेळात आपोआप रिकामं होतं, कारण पुढचा सप्लाय ती वीज वापरून टाकतो. मेलेलं कार्ड वापरत नाही, मिनिटंच्या मिनिटं धरून बसतं. म्हणजे ‘बंदच तर आहे’ म्हणून निर्धास्तपणे उचललेलं कार्डच जास्त जोराचा झटका देतं. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेशनच्या तारा जोडा, कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरा आणि मग मीटरने मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करायची पद्धत दुकानांत सर्रास दिसते. त्या ठिणगीने ट्रॅक, म्हणजे कार्डावरची तांब्याची वाट, उडतो आणि एका दोषाचे दोन होतात.

आता कार्डाबाहेरची तपासणी. कंटाळवाणी आहे, पण ती न करता आणलेलं नवं कार्ड पहिल्या तासात जळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. आधी सॉकेटवरचा व्होल्टेज, आणि तोही घरातले कूलर-पंप चालू असताना. मे महिन्यात संध्याकाळी तो १८०च्या खाली घसरत असेल, तर कॉम्प्रेसर न उठण्याचं कारण तिथेच मिळतं. इथे २२६ होता. मग कॉम्प्रेसर. प्लग काढून पीटीसी स्टार्टर (कॉम्प्रेसरला उठायला मदत करणारा भाग) आणि ओव्हरलोड सुटे केले की तीन पिना दिसतात. कॉमन ते रन सर्वांत कमी ओहम, कॉमन ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन ते स्टार्ट या दोघांची बेरीज. इथे १४, १९ आणि ३३ आले. बेरीज जुळली की वाइंडिंग ठीक. प्रत्येक पीन ते कॉम्प्रेसरचं धातूचं अंग असंही मोजा, तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. पीटीसी थंड असताना दहा ते तीस-पस्तीस ओहम दाखवतो. तो कानाशी धरून हलवा. आत खुळखुळलं तर चकती फुटलेली आहे, मग मीटर काहीही म्हणो, बदलायचा. ओव्हरलोडवर मीटरने सरळ बीप द्यायला हवा.

सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, थंडी वाढली की ओहम वाढतात. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच फ्रिजमध्ये २५ अंशांना ५ किलोओहमचे असतात, काहींत १० चे. ठेचलेला बर्फ पाण्यात घालून ढवळायचा, सेन्सरचं टोक त्यात पाच मिनिटं ठेवायचं: शून्य अंशांना ५ किलोओहमवाला १३ ते १६ किलोओहम दाखवतो, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आकडा शांतपणे चढून एका जागी थांबला पाहिजे. उड्या मारत असेल तर सेन्सरच्या टोपणात पाणी शिरलंय. डीफ्रॉस्ट हीटरचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा, हिशोब त्याच्यावर लिहिलेल्या वॅटवरून निघतो. १५० वॅटचा असेल तर २३०चा वर्ग भागिले १५०, म्हणजे ३५० ओहमच्या आसपास. थर्मल फ्यूज शून्य ओहम.

बायमेटलपाशी, म्हणजे या हीटरच्या वाटेतल्या तापमानावर चालणाऱ्या स्विचपाशी, मात्र भलेभले फसतात. तो शून्याखाली गेल्यावर जोडतो आणि कॉइलवरचा बर्फ वितळून ती गरम झाली की तोडतो. फ्रिज बंद पडून गरम झालेला असताना मीटर लावला तर तो उघडाच दिसणार. तो खराब नाही, त्याचं कामच ते आहे. शेजारच्या फ्रीजरमध्ये पिशवीत घालून तासभर ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या मोजा.

अशा कार्डांच्या फ्रिजमध्ये फ्रीजरचा पंखा बहुधा १२ व्होल्टचा, तीन किंवा चार तारांचा. आत सर्किट असल्यामुळे ओहम मोजून काही कळत नाही. वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून फिरवायचा, तारांचे रंग मागच्या आकृतीवरून बघून. ही आकृती बहुतेक फ्रिजमध्ये मागच्या पत्र्यावर किंवा कार्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते, आणि ती फाडून टाकलेली नसेल तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

बाहेर सगळं जागेवर निघालं, तेव्हा कार्ड काढलं. आधी फोनने फोटो, प्रत्येक कनेक्टरचा जवळून आणि एक पूर्ण. कनेक्टरला बाजूने खिट्टी असते, ती दाबून टोपण धरून ओढायचं, तारा धरून नाही. झाकण उघडलं की पहिली नजर किड्यांसाठी. उबदार, अंधारी जागा असल्यामुळे झुरळं आणि पाली तिथे हटकून येतात. २३० व्होल्टच्या दोन ट्रॅकवर आडवी पाल गेली की आख्खा कोपरा काळा होतो. इथे झुरळांची घाण होती, जळकं काही नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने कार्ड आधी स्वच्छ केलं. त्याशिवाय केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

मग भिंगाखाली खालची बाजू. रिलेचे, मोठ्या कनेक्टरचे आणि ट्रान्सफॉर्मरचे पाय बघायचे. पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसली, तर तो सुटलेला सांधा. कॉम्प्रेसरच्या रिलेखाली अशी चीर होती. तिच्याकडे बघून पुष्कळ जण तिथेच सोल्डर ठेवून मोकळे होतात, फ्रिज चालूही होतो आणि महिन्याभरात परत येतो. रिले हजारदा टकटक का करत होता, हा प्रश्न तसाच राहिलेला असतो. वरच्या बाजूला आणखी एक गोष्ट: मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळसर डिंक. त्यातला जुन्या प्रकारचा डिंक वर्षानुवर्षं उष्णतेत तपकिरी, मग काळा होतो आणि तसा झाल्यावर तो वीज वाहून नेऊ लागतो, शेजारच्या पायांना गंजवतोही. तो टोकदार लाकडी काडीने खरवडून काढायचा.

कार्डाला टेबलावर वीज द्यायची ती सिरीज बल्बमधूनच. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब फेजमध्ये मालिकेत घ्या. एलईडी बल्ब इथे कुचकामी. बल्ब क्षणभर चमकून विझला, तर आत शॉर्ट नाही. भक्कन लागून तसाच राहिला, तर ब्रिज, एसएमपीएस आयसी (कार्डाचा सप्लाय चालवणारी चिप) किंवा व्हेरिस्टर (जास्त व्होल्टेजपासून कार्ड वाचवणारा भाग) शॉर्ट आहे आणि सिरीज बल्बने फ्यूज वाचवला. (याच सिरीजवर कॉम्प्रेसर चालवून बघू नये, बल्ब त्याला उठण्याएवढा करंट देतच नाही आणि चांगला कॉम्प्रेसर जाम ठरतो.)

मीटरची काळी तार कुठे लावायची हे ठरवण्याआधी कार्ड आयसोलेटेड आहे का ते बघा. २३० व्होल्टची आणि कमी व्होल्टची अशा दोन्ही बाजूंच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि चार पायांचा ऑप्टोकपलर (उजेडाने इशारा पलीकडे पोचवणारा भाग) असेल आणि त्यांच्या खालून तांबं नसलेली रुंद पट्टी, कधी आरपार खाचच, जात असेल तर ५ आणि १२ व्होल्टची बाजू मेन्सपासून, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टपासून, वेगळी आहे. स्वस्त कार्डांत ट्रान्सफॉर्मरऐवजी नुसती एक कॉइल असते. त्यात ५ व्होल्टचा ग्राउंड मेन्सच्या तारेलाच जोडलेला असतो; सेन्सरच्या बारीक तारेला बोट लावलं तरी शॉक बसतो. अशा कार्डावर वीज चालू असताना मीटरच्या क्लिपा आधी लावून घ्यायच्या, हात लांब ठेवायचा आणि मग स्विच दाबायचा. काकूंकडचं कार्ड आयसोलेटेड होतं.

आता मुख्य मोजमाप. मोठ्या कपॅसिटरवर ३१९ व्होल्ट डीसी, म्हणजे ब्रिजपर्यंत सगळं सुरळीत. पुढे वायपर घराण्यातली आठ पायांची एसएमपीएस आयसी, ट्रान्सफॉर्मर, एक फास्ट डायोड आणि १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. त्याच्यावर १२ व्होल्ट यायला हवा. तिथून ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो आणि ते प्रोसेसरला जातात. काही न जोडता १२च्या जागी ११.८ दिसला, ५च्या जागी ५. कार्ड इथे ‘पास’ करणारा माणूस मग प्रोसेसरवर खापर फोडतो. लोड दिल्याशिवाय सप्लाय मोजण्यात काही राम नाही. ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर १२ व्होल्टवर लावला, म्हणजे पाव अँपियरचा भार. पंखा, पट्टी आणि रिले मिळून साधारण तेवढंच घेतात. सिरीज बल्ब विझलेला राहतो हे आधी पाहिलेलं असल्यामुळे या चाचणीला तो काढून सरळ वीज दिली. आकडा ६ आणि ८च्या मध्ये हेलकावे खाऊ लागला.

टकटकीचं कोडं इथे सुटतं. प्रोसेसर जागा होतो, पंखा सुरू करतो, रिलेला हुकूम देतो. रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपियर तिचे. एवढ्या भाराने १२ व्होल्ट कोसळतो. ७८०५ला खालून निदान ७ व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की ५ व्होल्टही घसरतो आणि प्रोसेसर रिसेट होतो. रिले सुटतो, भार जातो, १२ व्होल्ट परत वर येतो, प्रोसेसर पुन्हा जागा होतो. टक. प्रोसेसरचा यात काही गुन्हा नाही.

१२ व्होल्टवर मीटर एसीवर ठेवून रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, बघायचीही पद्धत आहे. चांगल्या सप्लायवर तो व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असतो. पण स्वस्त मीटर डीसी मिसळला की एसीच्या जागी भलताच आकडा देतात, कधी दुपटीहून जास्त. लाल तारेत ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मालिकेत घेतला की डीसी अडतो आणि खरा रिपल दिसतो. सर्वांत सोपी खात्री मात्र याहून साधी: वीज काढून, कार्ड रिकामं करून, संशयित कपॅसिटरला समांतर एक नवा कपॅसिटर उणे-अधिक सांभाळून जोडायचा आणि परत तीच चाचणी घ्यायची. आकडा वर आला. पूर्ण १२ला मात्र पोचला नाही, १०.४ला अडखळला.

म्हणजे दोषी एकटा नव्हता. प्रायमरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टकडच्या बाजूला, आयसीच्या व्हीसीसी पायाजवळ २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक चिमुकला कपॅसिटर असतो. आयसीला स्वतःला लागणारी वीज तो पुरवतो. तो वाळला की आयसी भार वाढताच दम सोडते आणि परत सुरू होते. दोन्ही काढून मोजले: १००० लिहिलेला १४० मायक्रोफॅरड दाखवत होता आणि त्याचा ईएसआर, म्हणजे अंतर्गत रोध, ४ ओहम होता, नव्याचा ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. २२वाला ६वर आला होता. दोघांचीही डोकी सपाट होती. फुगलेला कपॅसिटर शोधणारा माणूस अशा कार्डासमोर दिवसभर बसला तरी त्याला काही सापडत नाही. वाळणारे बहुतेक फुगत नाहीत, लहान तर नाहीतच.

ते वाळतात का? इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तास लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास जाईल. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण फ्रिज वर्षाचे ८,७६० तास विजेवर असतो. म्हणजे पावणेचार वर्षंही नाहीत. ५५ अंशांना सव्वासात. कार्ड कॉम्प्रेसरच्या वरच्या कप्प्यात, फ्रिज भिंतीला टेकलेला, बाहेर इंदूरचा चाळीस-बेचाळीसचा मे, अशा ठिकाणी पेटीच्या आत ५५-६० सहज होतात. आठ वर्षांनी हे दोघे गेले यात नवल नाही.

सुटे भाग महाराणी रोडवर मिळाले. तिथे कपॅसिटर मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘चालू दूं कि ओरिजिनल?’ चालू माल नवाच असतो, पण बऱ्याचदा आत लहान कपॅसिटर घालून वर मोठं वेष्टण चढवलेलं असतं. हातात हलका लागतो, छपाई फिकट असते. ‘लो ईएसआर, एक सौ पाँच डिग्री’ असं स्पष्ट सांगायचं आणि दुकानातच मीटरवर मोजून घ्यायचं. चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही. पाय कापून वाकवलेले असतील तर तो जुन्या कार्डातून काढलेला, परत करा. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा घेतला. व्होल्टेज जास्त चालतो, कमी कधीच नाही, फक्त उंची झाकणात मावते का ते बघायचं. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवायचे. ‘दुगुना डाल दो, बढ़िया चलेगा’ हा सल्ला मानला तर सुरू होतानाचा ताण डायोड आणि आयसीवर येतो. शेजारचा ५ व्होल्टवरचा २२० मायक्रोफॅरडही बदलायला घेतला, तो त्याच वयाचा. आणि रिले. इतके महिने कडकड करून त्याचे पॉइंट जळलेले असणारच. त्याच्यावरचे शब्द जसेच्या तसे जुळवायचे: कॉइल १२ व्होल्ट डीसी, पॉइंट १० अँपियर २५० व्होल्ट एसी, आणि पायांची मांडणी. सगळं मिळून कोऱ्या कार्डाच्या किमतीसमोर किरकोळ.

काढताना घाई केली की ट्रॅक उचलला जातो. कारखान्यातलं सोल्डर शिसंविरहित असतं आणि ते २१७ अंशांच्या वर वितळतं, बाजारातलं ६०-४० साधारण १९० अंशांना. म्हणून जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं ६०-४० आणि फ्लक्स टाकून दोन्ही मिसळू द्यायचं, मग पंपाने ओढायचं. कार्डावर पारदर्शक लॅकरचा थर असेल तर तेवढ्या जागेवरचा तो अल्कोहोलने मऊ करून खरवडायचा, नाहीतर आयर्न नुसता धूर काढतो आणि सोल्डर धरत नाही. ४० वॅटचा आयर्न पुरतो. एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी म्हणजे उणे बाजू. कार्डावरची खूण मात्र सगळीकडे सारखी नसते, काही ठिकाणी रंगवलेला अर्धा गोल उणे दाखवतो, काही ठिकाणी अधिक. म्हणून जुना काढण्याआधीच त्याचा फोटो घ्यायचा. रिलेच्या पायांखालचा कॉम्प्रेसरचा ट्रॅक करंट वाहणारा आहे, तिथे सोल्डर सढळ हाताने. शेवटी कनेक्टरचे सगळे पाय एकदा गरम करून ताजे केले, अल्कोहोलने फ्लक्स धुतला, वाळू दिला आणि उघड्या पडलेल्या जागी लॅकरचा हात फिरवला. पावसाळ्यात हा थर नसला की दमट हवेत सेन्सरच्या ट्रॅकमधून वीज झिरपते आणि फ्रिजला भलतंच तापमान दिसू लागतं.

परत तोच ४७ ओहमचा भार. ११.७, हलत नाही. रिपल ०.०४.

सगळीच कार्डं इतकी सरळ नसतात. फ्यूज काळा पडलेला आणि शेजारचा निळा व्हेरिस्टर तडकलेला असेल, तर दोष कार्डात नाही, लाइनमध्ये आला होता. थ्री-फेजच्या गल्लीत न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० पर्यंत व्होल्टेज चढतो. ४७१ छापलेला व्हेरिस्टर ३०० व्होल्ट एसीच्या पलीकडे गेलं की वीज स्वतःवर घेतो, शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवून मागचं कार्ड वाचवतो. दोन्ही त्याच नंबरचे बदलले की बरीच कार्डं उठतात. व्हेरिस्टर कापून टाकून आणि फ्यूजवर तार गुंडाळून चालू केलेलं कार्ड पुढच्या खेपेला दुरुस्तीलायक उरत नाही. पहिल्या पावसाआधीच्या वादळांत इंदुरात हे प्रकार ढिगाने येतात. न्यूट्रल दुरुस्त झाला का हे मीटरने बघितल्याशिवाय फ्रिजच काय, काहीच लावू नका.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर कॉम्प्रेसरच्या तिन्ही जोड्यांचे ओहम सारखे आले पाहिजेत. ते सारखे असूनही वीज देताच सिरीज बल्ब भक्क पेटून राहिला, तर कॉम्प्रेसरला वीज देणारं पॉवर मॉड्यूल गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ते घरच्या आयर्नने बदलायच्या भानगडीत पडू नये. त्याचे पाय वीस-पंचवीस, खाली उष्णता खेचणारा धातू, बाजारात मिळणारं मॉड्यूल काढीव, आणि ते कसंबसं बसलं तरी बिघाडाचं कारण कॉम्प्रेसरमध्ये असेल तर दुसरंही जातं. तिथे कार्ड बदलणं स्वस्त पडतं. त्याच कार्डाचा १२ व्होल्टचा छोटा सप्लाय मात्र वरच्यासारखाच तपासता आणि दुरुस्त करता येतो, त्याला भिऊ नये.

कार्ड जागेवर बसवताना कनेक्टर फोटोवरून, आणि अर्थची हिरवी तार विसरायची नाही. ती लोंबकळत राहिलेले फ्रिज पाहिलेत, दारापाशी झिणझिण्या येतात. प्लग लावल्यावर क्लॅम्प मीटर कॉम्प्रेसरच्या एका तारेवर: उठताना क्षणभर उडी, मग १ अँपियरच्या आत-बाहेर स्थिर. दहा मिनिटांत मागची किंवा बाजूची जाळी कोमट, अर्ध्या तासात फ्रीजरमध्ये हाताला स्पष्ट जाणवेल इतकी थंडी. -१८ गाठायला रात्र जाते, त्यामुळे ‘अजून बर्फ झाला नाही’ म्हणून दर तासाला दार उघडू नये, हे काकूंना बजावून सांगितलं.

काम इथे संपत नाही, कारण हीटरचा रिले अजून एकदाही चाललेला नाही. बहुतेक कार्डं कॉम्प्रेसर आठ-बारा तास चालला की डीफ्रॉस्ट लावतात. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही बंद, पण डिस्प्ले चालू अशी वेळ सापडली की क्लॅम्प हीटरच्या तारेवर लावायचा: १५० वॅटला ०.६५ अँपियर. पंधरा-वीस मिनिटांनी तो शून्यावर येतो आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी ठिबकू लागतं. क्लॅम्पवर काहीच आलं नाही तर आठवड्याभरात कॉइल बर्फाने गच्च होते, पंख्याची पाती घासायला लागतात आणि लोक पुन्हा ‘कार्ड उडालं’ म्हणतात. तेव्हा बायमेटल, थर्मल फ्यूज आणि हीटरचा रिले याच क्रमाने बघायचे. हे सगळं झाल्यावरच मागचा पत्रा लावायचा, आणि फ्रिज भिंतीपासून निदान चार बोटं पुढे ओढून ठेवायचा.